डायलिसिसची आकडेवारी आणि मांजरीचा रुग्ण

नोव्हेंबर १९७५ मध्ये स्थानबद्धतेतून सुटून जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयात दाखल झाले, तेव्हा त्यांची मूत्रपिंडे निकामी झालेली होती. वय त्र्याहत्तर, मधुमेह जुना, हृदय दुबळे. तेथून पुढचे त्यांचे सारे आयुष्य डायलिसिसच्या यंत्राला बांधले गेले. १९७७ ची निवडणूक, राजघाटावर जनता पक्षाच्या खासदारांना दिलेली शपथ आणि त्या शपथेचे पुढे जे झाले ते पाहण्याचा मनस्ताप, हे सारे दोन डायलिसिसांच्या मधल्या दिवसांत घडले. पंतप्रधान सहाय्यता निधीतून आलेले ९० हजार रुपये त्यांनी परत केले आणि यंत्रासाठी लोकांनी वर्गणी जमविली, ही हकीकत चळवळीतील जुन्या मंडळींना ठाऊक आहे. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी पाटण्यात त्यांचे निधन झाले. म्हणजे यंत्राच्या आधाराने ते सुमारे चार वर्षे जगले.

या चार वर्षांकडे भावनेने पाहण्याची सवय सर्वांनाच आहे. क्वचित हिशेबानेही पाहावे. त्या काळची यंत्रे आजच्या मानाने ओबडधोबड होती. रक्त वाढविणारे जे इंजेक्शन आज डायलिसिसच्या बहुतेक रुग्णांना लिहून दिले जाते, ते तेव्हा जगात कोठेच मिळत नव्हते. तरीही सत्तरी ओलांडलेला, मधुमेही आणि हृदयरोगी माणूस चार वर्षे जगला, कारण उपचार त्याच्यापर्यंत पोचत राहिला आणि त्याचे पैसे कोणी भरायचे हा प्रश्न समाजाने त्याच्यापुरता सोडविला होता. इतरांच्या बाबतीत तो प्रश्न पन्नास वर्षांनंतरही सुटलेला नाही, आणि कोणत्या प्रकारच्या डायलिसिसवर रुग्ण अधिक काळ जगतो या वैद्यकातील जुन्या वादाचा विचार करताना ही गोष्ट दृष्टीआड होऊ देता कामा नये.

वाद असा. डायलिसिसचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात रक्त शरीराबाहेर काढून यंत्रातील पडद्यातून फिरवितात आणि स्वच्छ करून परत सोडतात. याला हिमोडायलिसिस म्हणतात. हॉलंडमधील कॅम्पेन या गावी डॉ. विल्यम कोल्फ यांनी १९४३ मध्ये, देश जर्मनांच्या टाचेखाली असताना, सॉसेजच्या वेष्टनाचा सेलोफेन लाकडी पिंपावर गुंडाळून असे पहिले यंत्र बनविले. दुसऱ्या प्रकारात यंत्राची गरजच नसते. पोटात कायमची एक बारीक नळी बसवितात, तीतून दोन लिटर द्राव पोटात सोडतात, काही तास ठेवतात आणि रक्तातील घाण ओढून घेतलेला तो द्राव काढून टाकतात. दिवसातून चार वेळा, रुग्णाच्या स्वतःच्या घरी, स्वतःच्या हाताने. पॉपोविच आणि मॉन्क्रिफ या अमेरिकी संशोधकांनी १९७६ मध्ये ही पद्धत मांडली आणि पुढच्याच वर्षी टोरांटोच्या डॉ. ओरिओपुलॉस यांनी काचेच्या बाटल्यांऐवजी प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरून ती सोपी केली. भारतात ती आली १९९१ च्या सुमारास.

या दोहोंत आयुष्य अधिक कोणाचे? १९९५ मध्ये अमेरिकेतील आकडे सांगत होते की पोटातील डायलिसिसवरील रुग्ण अधिक मरतात. दोनच वर्षांनी कॅनडाचे आकडे नेमके उलटे निघाले. २००२ ते २००४ या काळात डायलिसिस सुरू केलेल्या अमेरिकी रुग्णांचा हिशेब २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा पाच वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण हिमोडायलिसिसवर शेकडा ३५ आणि पोटातील डायलिसिसवर शेकडा ३३ निघाले. म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. साधारण मत आता असे स्थिरावले आहे की पहिली एकदोन वर्षे पोटातील डायलिसिसला थोडे झुकते माप मिळते, कारण त्यात रुग्णाची उरलीसुरली लघवी अधिक काळ टिकते. पुढे, विशेषतः वृद्ध मधुमेही रुग्णांत, पारडे हिमोडायलिसिसकडे झुकते.

परंतु हे आकडे येतात कोठून? दोन गटांची प्रामाणिक तुलना करायची तर कोणाला कोणता उपचार द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे लागते. हॉलंडमध्ये तसा प्रयत्न झाला. तेथे अवघे ३८ रुग्ण चिठ्ठीचा कौल मान्य करण्यास तयार झाले. उरलेल्या शेकडोंनी आपला मार्ग आपण निवडला. यात त्यांना दोष देता येणार नाही. मात्र त्याचा परिणाम असा की बाकीची सारी तुलना ही ज्यांनी निवडले त्यांची, किंवा ज्यांच्यासाठी दुसऱ्या कोणी निवडले त्यांची आहे. पाश्चात्त्य देशांत पोटातील डायलिसिस निवडतो तो बहुधा तरुण, शिकलेला, नोकरी टिकवू पाहणारा. आपल्याकडे तो बऱ्याचदा अशा रुग्णाच्या वाट्याला येतो ज्याचे हृदय यंत्राचा ताण सोसत नाही किंवा ज्याच्या हाताच्या शिरा संपल्या आहेत. एकाच पद्धतीचे दोन देशांतले निकाल वेगळे आले तर त्यात पद्धतीचा वाटा किती आणि माणसांचा किती, हे सांगणे अवघड होते. शिवाय पुष्कळ देशांच्या नोंदींत हिशेब सुरू होतो तो नव्वदाव्या दिवसापासून. पहिल्या नव्वद दिवसांत गेलेला रुग्ण तुलनेत धरलाच जात नाही. आणि उशिरा रुग्णालयात पोचणारा, गळ्यातल्या तात्पुरत्या नळीवर पहिला डायलिसिस करून घेणारा गरीब माणूस नेमका त्याच नव्वद दिवसांत जातो.

यंत्रायंत्रांतील तुलनाही अशीच तपासून घ्यावी लागते. अमेरिकेत २००२ मध्ये १,८४६ रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीचा निकाल लागला: डायलिसिसची मात्रा वाढवून किंवा अधिक सच्छिद्र पडदा वापरून मृत्यूत लक्षणीय फरक पडला नाही. त्यानंतर एकवीस वर्षांनी, २०२३ मध्ये, युरोपातील १,३६० रुग्णांच्या चाचणीने हिमोडायाफिल्ट्रेशन या सुधारित प्रकाराच्या बाजूने कौल दिला; अडीच वर्षांच्या सुमारास त्या गटात शेकडा १७.३ रुग्ण दगावले, तर नेहमीच्या यंत्रावर २१.९. हा फरक खरा आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण त्याला अतिशुद्ध पाणी भरपूर लागते, रुग्णाच्या हातात रक्ताचा जोरदार प्रवाह देणारा पक्का फिस्चुला लागतो, आणि मुख्य म्हणजे आठवड्यातून तीन वेळा येणारा रुग्ण लागतो.

या तिसऱ्या अटीपाशीच आपल्याकडचे सारे गणित कोसळते. फ्रान्समधील तासँ येथील केंद्राने कोणतेही नवे यंत्र न आणता, जुन्याच पद्धतीने, परंतु दर वेळी आठ तास, आठवड्यातून तीनदा सावकाश डायलिसिस केले. १९९२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार पाच वर्षांनी शेकडा ८७ आणि दहा वर्षांनी ७५ रुग्ण जिवंत होते. तेथील रुग्ण निवडक असतील, मधुमेही कमी असतील, हा आक्षेप बरोबर आहे. तरीही वेळेचे मोल त्यातून दिसतेच. उलट बाजूचा पुरावा २०११ चा आहे. अमेरिकेत आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्या ३२ हजारांहून अधिक रुग्णांत असे आढळले की शनिवार-रविवारसारखी दोन दिवसांची खंड पडल्यानंतरच्या दिवशी मृत्यूचे प्रमाण वर्षाला शंभरी २२.१ होते, इतर दिवशी १८. दोन दिवसांच्या खंडाने एवढे होते. भारतात आठवड्यातून दोनदा डायलिसिस घेणारे रुग्ण सर्रास आढळतात. त्यांच्या वाट्याला दर आठवड्यास तीन दिवसांची खंड येते.

निरोगी मूत्रपिंड आठवड्याचे १६८ तास काम करते. तीन वेळा चार तास यंत्रावर काढले तर १२ तास होतात, दोन वेळा काढले तर आठ. या आठ तासांच्या रुग्णाला कोणते यंत्र श्रेष्ठ असा प्रश्न विचारणे म्हणजे उपाशी माणसाला गहू चांगला की तांदूळ असे विचारणे होय.

आता मांजरीकडे वळावे. पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेच्या काठचे हे गाव. उसाच्या संशोधनाची वसंतदादा साखर संस्था येथे आहे, द्राक्षांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र येथे आहे, आणि करोनाच्या साथीत ज्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीने देशाची गरज भागविली तिचे मोठे आवारही येथेच आहे. त्याच आवारात जानेवारी २०२१ मध्ये लागलेल्या आगीत पाच कामगार मेले, हेही विसरण्याजोगे नाही. जून २०२१ च्या अखेरीस मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आले. नदीपलीकडील मांजरी खुर्द त्या वेळी ग्रामपंचायतच राहिले. परिणाम असा की नदीच्या एका काठावरील रुग्ण महापालिकेच्या शहरी गरीब वैद्यकीय साहाय्य योजनेचा अर्ज भरू शकला आणि दुसऱ्या काठावरील, तोच आजार असलेला, त्याच बाजारात भाजी विकणारा माणूस भरू शकला नाही.

मांजरी बुद्रुकमधील एखाद्या बांधकाम मजुराची कल्पना करावी. त्याला सार्वजनिक रुग्णालयात डायलिसिस घ्यायचा तर ससून किंवा महापालिकेचे कमला नेहरू रुग्णालय गाठावे लागते. पुणे-दौंड मार्गावर मांजरीला स्थानक आहे आणि ससून पुणे स्टेशनाला लागूनच आहे, हे खरे. पण चार तास यंत्रावर काढलेल्या माणसाचा रक्तदाब उतरलेला असतो, पाय लटपटतात, आणि गाडीत बसायला जागा मिळेलच असे नाही. रिक्षा करावी लागते, बरोबर कोणीतरी यावे लागते. म्हणजे आठवड्यातून तीन दिवस दोघांचा रोज बुडतो. सरकारी योजनेच्या कोणत्याही पॅकेजात हा बुडालेला रोज मोजला जात नाही. तो माणूस तीनाचे दोन करतो, मग एखाद्या आठवड्यात दोनाचा एक करतो, आणि मग एक दिवस येईनासा होतो. केंद्राच्या वहीत त्याच्यापुढे मृत्यूची नोंद होत नाही. येणे बंद झाले एवढेच लिहिले जाते. जिवंतांच्या टक्केवारीत तो धरला जात नाही आणि मेलेल्यांच्याही नाही.

योजना नाहीत असे कोणी म्हणणार नाही. राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. केंद्राचा राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ चा. पण वर्षानुवर्षे राज्याच्या योजनेची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपये होती. आठवड्यातून तीनदा म्हणजे वर्षाला १५६ वेळा. दीड लाखाला १५६ ने भागले तर एका वेळेला ९६० रुपये येतात, तेही घरात दुसरे कोणी आजारी पडले नाही तर. १०४ ने भागले तर १,४४० च्या वर येतात. रुग्णाने आठवड्यातून किती वेळा यावे हे डॉक्टरांनी ठरविण्याआधी या भागाकाराने ठरवून टाकले होते. २०२३ च्या निर्णयाने मर्यादा पाच लाखांवर गेली आणि हा भागाकार सुधारला. ही सुधारणा कबूल करण्यात संकोच नको. तिच्यामुळे मांजरीचा रुग्ण खरोखर दोनाचे तीन करू शकला का, हे मात्र कोणीतरी मोजले पाहिजे.

अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात १९६० मध्ये डॉ. स्क्रिब्नर यांनी हातात कायम ठेवता येणारी नळी शोधली आणि जुनाट रुग्णांना जगविणे प्रथमच शक्य झाले. यंत्रे थोडी आणि रुग्ण फार, म्हणून तेथे कोणाला जगवायचे हे ठरविण्यासाठी सात नागरिकांचे एक गुप्त मंडळ नेमले गेले. रुग्णाचे उत्पन्न किती, संसार कसा, चर्चमध्ये जातो का, समाजाला उपयोगी आहे का, अशी विचारपूस ते करीत असे. १९६२ मध्ये एका साप्ताहिकाने हे उघडकीस आणले तेव्हा देशभर संताप उसळला. (त्या सातांत एक कामगार पुढारीही होता, ही नोंद चळवळीने ठेवावी.) १९७२ मध्ये त्या भांडवलशाही देशाने कायदा करून मूत्रपिंड निकामी झालेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या डायलिसिसचा खर्च सरकारी विम्यावर घेतला. आपल्याकडे असे मंडळ कधी नेमावे लागले नाही. त्याचे काम दरपत्रक, रेशनकार्डाचा रंग आणि गावाची हद्द परस्पर करीत आली आहेत, आणि त्यांच्याविरुद्ध कोणी संतापतही नाही.

मग पोटातील डायलिसिस हा गरिबांचा मार्ग ठरू शकेल का? आयुष्याच्या हिशेबात तो कमी नाही हे वर आलेच. त्याला रोजची फेरी नाही, वीज नाही, यंत्र नाही. हिमोडायलिसिसच्या एका वेळेला सुमारे १२० लिटर शुद्ध केलेले पाणी लागते आणि ते शुद्ध करताना आणखी बरेच वाया जाते; टँकरच्या रांगा पाहणाऱ्या गावांना याचा अर्थ सांगायला नको. हाँगकाँगने १९८५ पासून आणि थायलंडने २००८ पासून सार्वजनिक खर्चात याच पद्धतीला अग्रक्रम दिला. थायलंडमध्ये सरकारी औषध संस्थेने द्राव खरेदी केला आणि टपाल खात्याने पिशव्या खेड्यापाड्यांतील घरांपर्यंत पोचविल्या. २०२२ मध्ये तेथे रुग्णाला निवडीची मुभा मिळाली, हिमोडायलिसिसचे रुग्ण झपाट्याने वाढले, केंद्रांवर ताण आला, आणि २०२५ मध्ये सरकार पुन्हा जुन्या अग्रक्रमाकडे वळले. भारत सरकारनेही २०१९ मध्ये पोटातील डायलिसिसची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. प्रत्यक्षात सार्वजनिक कार्यक्रमाचा भर खाजगी कंत्राटदारांच्या यंत्रांवरच राहिला. यंत्राच्या खुर्च्या मोजता येतात, त्यांचे उद्घाटन करता येते. रुग्णाच्या घरातील पिशवीपुढे फीत कापता येत नाही.

तथापि या पद्धतीचा प्रचार करणाऱ्यांनी दोन गोष्टी टाळू नयेत. महिन्याला दोन लिटरच्या १२० पिशव्या लागतात. अडीचशे किलोंच्या आसपासचा हा माल एका खोलीच्या घरात ठेवायचा कोठे? आणि दिवसातून चार वेळा हात धुऊन, दार लावून, नळी जोडून द्यायची कोणी? बहुतेक घरांत ते काम बायको किंवा सून करील. रुग्णालयातील परिचारिकेचे श्रम घरातील स्त्रीवर फुकट टाकायचे आणि त्याला स्वस्त उपचार म्हणायचे, हा हिशेब समाजवाद्यांना मान्य होण्यासारखा नाही. हाताची स्वच्छता थोडी चुकली की पोटात जंतूंचा संसर्ग होतो, आणि तो जीवघेणा ठरू शकतो. म्हणून घरी येणारी प्रशिक्षित परिचारिका, आणि घरातील शुश्रूषेसाठी रोख भत्ता, या दोन गोष्टींशिवाय पोटातील डायलिसिसची मागणी करू नये.

तिसरी अडचण किमतीची, आणि तिचे उत्तर पुण्यातच आहे. त्या पिशवीत असते काय? पाणी, ग्लुकोज, मीठ, थोडे कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लॅक्टेट. औषध म्हणून त्यात गूढ काही नाही. कठीण आहे ते निर्जंतुक भरणे आणि पिशवी-नळीची जोडणी निर्दोष ठेवणे. जगाचा हा बाजार मोजक्या बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या हातात राहिला. ज्या मांजरीत कोट्यवधी लशींच्या कुप्या निर्जंतुक भरल्या जातात, तेथील रुग्णाला ग्लुकोजचे पाणी महाग पडावे, यात तंत्राची अडचण कोठे दिसते? पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही १९५४ मध्ये स्थापन झालेली, औषधनिर्मितीतील देशाची पहिली सार्वजनिक कंपनी. सलाइनच्या बाटल्या भरण्याचा अनुभव तिच्याकडे आहे. २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची विक्री करण्याचे ठरविले. त्याऐवजी राज्य सरकारने तिच्याकडून पोटातील डायलिसिसचा द्राव ठरावीक किमतीला, वर्षानुवर्षाच्या हमीने घ्यावा, ही मागणी पक्षाने करण्याजोगी आहे. जोडणीचे तंत्र विकत घ्यावे लागेल, सुरुवातीला दर्जावर कडक देखरेख लागेल. कारखान्याला काम आणि रुग्णाला पिशवी, असे दोन्ही त्यातून साधते.

मूत्रपिंडारोपण हा या सर्वांहून चांगला उपाय होय, आयुष्याच्या दृष्टीनेही आणि खर्चाच्याही. पण तेथवर पोचेपर्यंत रुग्ण डायलिसिसवर जिवंत राहावा लागतो.

मांजरी आणि हडपसर भागातील कार्यकर्त्यांनी यात करण्यासारखे काम मोठे नाही, पण कष्टाचे आहे. हडपसरला डॉ. दादा गुजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साने गुरुजींच्या नावाचे रुग्णालय उभारले, त्या परिसरात घरोघर जाऊन आरोग्याची विचारपूस करण्याची परंपरा नवी नाही. डायलिसिसवर असलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद करावी: सुरुवात कधी झाली, आठवड्यातून किती वेळा सांगितले आहे आणि प्रत्यक्षात किती वेळा जाणे होते, हातात फिस्चुला आहे की गळ्यात नळी, गेल्या महिन्यात किती पाळ्या चुकल्या आणि कशामुळे, पोटातील डायलिसिसबद्दल कोणी कधी सांगितले होते का. ज्यांनी येणे बंद केले त्यांच्या घरीही जावे आणि ते कधी गेले हे विचारून घ्यावे. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक केंद्राने एका वर्षानंतर जिवंत असलेल्यांचा आकडा, पहिल्या दिवसापासून मोजून आणि गळालेल्यांसकट, दरवर्षी जाहीर करावा, अशी मागणी महापालिकेकडे आणि आरोग्यमंत्र्यांकडे करताना ही वही हातात असली पाहिजे. मांजरी खुर्दची नोंद त्याच वहीत, पण वेगळ्या पानावर करावी. कोणत्या योजनेत कोणाचा अर्ज नाकारला गेला, हे त्या दोन पानांची तुलना केल्यावर कळेल.